इस्पितळाचे दुसरे दार

दिवाळीच्या अंकात आजारपणाचा विषय काढू नये, असा एक संकेत आहे. फराळाच्या ताटाशेजारी औषधाची बाटली कोणी मांडत नाही, हे खरेच. पण ज्या घरातले म्हातारे माणूस आश्विनात इस्पितळात पडून आहे, त्या घरात दिवाळीचा विचार कोठून सुरू होतो, हे वाचकांना मी सांगायला नको. तेथे पहिला प्रश्न आकाशकंदिलाचा नसतो, करंज्यांचाही नसतो. ‘दिवाळीपर्यंत घरी सोडतील ना?’ हा असतो. खाटेवरचे आजोबाही सकाळच्या फेरीला येणाऱ्या डॉक्टरांना तेच विचारतात. तेव्हा हा विषय दिवाळीबाहेरचा आहे, असे मी मानत नाही.

‘घरी न्या’ हे दोन शब्द आपल्या भाषेत मोठे चमत्कारिक आहेत. एके काळी वैद्याने किंवा डॉक्टरने ते उच्चारले, की घरच्यांना पुढचे काही सांगावे लागत नसे. लेकीबाळींना निरोप जात, तुळशीपत्र हाताशी ठेवले जाई. ‘घरी न्या’ म्हणजे आता आमचे उपाय संपले. आज तेच शब्द डॉक्टर हसतमुखाने उच्चारतो. ऑपरेशन झाले, टाके सुकले, ताप उतरला. आता घरी न्या! शब्द तेच, पण अर्थ पार उलटला. हा अर्थ कसा उलटला, आणि उलटल्यावर कोणते काम आपल्या उंबरठ्याशी येऊन पडले, हे थोडक्यात सांगायचे आहे.

आपल्याकडे रोग्याची शुश्रूषा ही मुळात घरातलीच गोष्ट. चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. खाटेचा एक पाय आखूड असला तर ती डुगडुगणारच, मग बाकीचे तीन कितीही भक्कम असोत. परिचारकाच्या अंगी कोणते चार गुण हवेत, तेही तेथे दिले आहे. त्याला सेवेचे ज्ञान हवे, त्याच्या हाताला कसब हवे, रोग्याविषयी माया हवी आणि स्वच्छता हवी. यांतली माया तेवढी आपण घरच्यांकडून गृहीत धरतो. ज्ञान आणि कसब शिकावे लागते, ही गोष्ट मात्र विसरून जातो. शोधनचिकित्सेनंतर रोग्याला एकदम जेवू घालू नये, आधी पातळ पेज, मग दाट पेज, मग कढण, असे पायरीपायरीने नेहमीच्या अन्नावर आणावे, असेही शास्त्र सांगते. त्या क्रमाला संसर्जन क्रम असे नाव आहे. म्हणजे दुखणे बरे होणे वेगळे आणि माणूस पूर्ववत होणे वेगळे, आणि या दोहोंमधला काळ फार जपून ओलांडायचा असतो, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते. तापातून उठलेल्या नातवाला पेज, मऊ भात आणि मेतकूट अशा क्रमाने खाऊ घालणाऱ्या आजीलाही ते ठाऊक असते.

इस्पितळ मात्र, त्याच्या नावासकट, फिरंग्यांकडून आले. आमच्या भाईंदरच्या खाडीपलीकडे वसईचा किल्ला आहे. १५३४ पासून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकून घेईपर्यंत तेथे पोर्तुगीजांचा अंमल होता, आणि त्यांच्या इतर मोठ्या ठाण्यांप्रमाणे तेथेही ‘मिझेरिकॉर्डिया’, म्हणजे दयाधर्म करणारा संघ होता. ख्रिस्ती धर्मात शरीराच्या दयेची सात कामे सांगितली आहेत: भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, आजाऱ्याची भेट, बंदिवानाची सुटका आणि मृताला मूठमाती. यादी किती सुंदर आहे पाहा. पण बरा झालेला आजारी घरी पोचवणे आणि त्याला पुन्हा पायांवर उभे करणे हे काम या सातांत नाही. ते राहून गेले याचे नवल वाटू नये. त्या काळी मोठ्या दुखण्यातून उठून घरी परतणारे म्हातारे असे किती असतील?

मुंबईत सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून उभे राहिलेले इस्पितळ १८४५ मध्ये सुरू झाले. तरीही पुढे कित्येक वर्षे सामान्य माणसाच्या मनात इस्पितळाला एकच दार होते, आत जाण्याचे. तेथे गेलेला माणूस परत येत नाही, अशी समजूत होती. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेगचा उद्भव झाला आणि ही भीती शिगेला पोचली. माणसांना घरांतून उचलून नेत. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. त्यांचे करणे चुकीचे होते असे आज म्हणणे सोपे आहे. पण आपले माणूस दाराआड गेले, पुन्हा दिसले नाही, अशा वेळी काळजाचे काय होते, हे ज्याने करोनाचे २०२० साल पाहिले आहे त्याला समजेल. त्या प्लेगातच लोकमान्य टिळकांनी पुण्यात हिंदू प्लेग इस्पितळ काढण्यात पुढाकार घेतला. त्याच साथीत रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. लोकांना औषध हवे होते, पण औषधाइतकेच तेथे आपले कोणी असावे, हेही हवे होते.

मग इस्पितळातून सुटलेला माणूस जाई कोठे? मुंबईच्या गिरण्यांत राबणारा कोकणातला किंवा घाटावरचा कामगार दहाबाराजणांच्या गाळ्यात राही आणि खानावळवाल्या बाईकडे जेवी. तेथे अंथरुणाला खिळून राहण्याची सोय कोठली? दुखणे लांबले की तो बोटीत बसे आणि गावी जाई. याला ‘हवापालट’ असे गोंडस नाव होते. खरे पाहता, मुंबईने माणसाचे कसदार दिवस वापरायचे आणि अशक्त दिवस गावाने सांभाळायचे, असा तो अलिखित करार होता. गावाकडे सांभाळणारे कोण? आई, बायको, भावजय. मुंबईच्या गिरण्यांचे हिशेब वह्यांतून मांडले गेले; या बायकांनी उपसलेल्या दुखण्यांचा हिशेब कोणत्याही वहीत नाही.

या कामाला नाव आणि शिक्षण देण्याचे प्रयत्न मात्र होत होते. विलायतेत लिव्हरपूल शहरी विल्यम रॅथबोन नावाच्या व्यापाऱ्याने आपल्या पत्नीच्या अखेरच्या दुखण्यात तिची सेवा करणारी परिचारिका पाहिली. आपल्या घरी जे सुख मिळाले ते गरिबांना का मिळू नये, असे मनात येऊन १८५९ मध्ये त्याने त्याच परिचारिकेला गरिबांच्या घरोघरी जाऊन शुश्रूषा करण्यासाठी नेमले. घरी येणाऱ्या परिचारिकेची प्रथा तेथून वाढली. आपल्याकडे रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केले आणि तेथल्या विधवा व इतर स्त्रियांना ससून इस्पितळात परिचारिकेचे शिक्षण मिळण्याची वाट उघडली. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावण्याचे काम घरंदाज बाईने करावे की काय, अशी कुजबुज तेव्हा झाली नसती तरच नवल. तीच बाई घरात सासऱ्याचे सारे काही करी, तेव्हा कोणाला काही वाटत नसे. तेच काम शिकून, पगार घेऊन करू लागली की समाजाच्या कपाळाला आठी पडे! ती आठी आजही पुरती उलगडली आहे, असे म्हणवत नाही.

यानंतर आली ती खरी मोठी क्रांती, आणि तिचा संबंध थेट म्हाताऱ्या माणसांशी आहे. १९३५ मध्ये लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स इस्पितळाकडे शेजारच्या गरीबखान्याचा दवाखाना सोपवण्यात आला. शेकडो वृद्ध तेथे वर्षानुवर्षे अंथरुणात पडून होते. कोणाचे अंग लुळे पडलेले, कोणाचे हाड मोडलेले. ‘आता यांचे काय व्हायचे’ असे म्हणून त्यांना नुसते जेवू घातले जाई. डॉ. मार्जरी वॉरन या बाईंनी एकेकाला तपासले. त्यांच्या लक्षात आले की यांतल्या पुष्कळांना रोगाने नव्हे तर अंथरुणानेच निकामी केले आहे. त्यांनी त्यांना उठवून बसवले, उभे केले, कठड्याला धरून चालवले. आणि कायमचे खिळलेले म्हणून सोडून दिलेले कित्येक वृद्ध चालत आपल्या घरी गेले. वार्धक्याच्या वैद्यकाचा पाया तेथे घातला गेला. पुढे शास्त्राने मापेही घेतली. २००७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवले, तर त्यांच्या पायांचे मांस सरासरीने जवळजवळ एक किलो घटले. दहा दिवसांत एक किलो! ‘बाबांना जरा विश्रांती घेऊ द्या, उठवू नका’ असे आपण मायेने म्हणतो, तेव्हा ही माया त्यांच्या पायांतले बळ काढून घेत असते.

महाराष्ट्र या बाबतीत मागे नव्हता, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. १९४६ मध्ये भोर समितीने देशाच्या आरोग्याचा अहवाल दिला. इस्पितळांत समाजसेवक नेमावेत, अशी शिफारस तीत होती. त्याच १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. इस्पितळात अशी पहिली नेमणूक झाली, आणि ती देशातली पहिली होती. रोग्याच्या घरी कोण आहे, कमावते कोण, औषध आणायला पैसे आहेत की नाहीत, हे विचारणारे माणूस प्रथमच इस्पितळाच्या नोकरीत आले. सरकारी इस्पितळांतून आज ‘समाजसेवा अधीक्षक’ अशी पाटी असलेली खोली दिसते, ती याच घराण्यातली.

दुसरे नाव कमलाबाई निंबकरांचे. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लुंडी विष्णू निंबकरांशी लग्न करून इकडे आल्या आणि कमलाबाई झाल्या. १९५० मध्ये परळच्या के. ई. एम. इस्पितळात त्यांनी व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. साऱ्या आशियातले ते पहिले. व्यवसायोपचार हा शब्द अवघड आहे, पण गोष्ट सोपी आहे. औषधाने हात बरा झाला, पण त्या हाताला सदऱ्याचे बटण लावता येते का? घास तोंडापर्यंत जातो का? ताट-वाटी धरता येते का? हे पाहायचे आणि येत नसेल तर शिकवायचे. पुढे कमलाबाईंनी नागपुरातही असे विद्यालय काढले. फलटणला त्यांच्या नावाची शाळा आहे, हे आम्हा शिक्षकांना विशेष वाटते. कारण बटण लावायला शिकवणे हे शेवटी आमच्या बालवाडीचेच काम, फक्त विद्यार्थी सत्तरीचा.

आता आमच्या गावाकडे येऊ. मीरा-भाईंदर म्हणजे एके काळी मिठागरे, भातखाचरे आणि आगरी, कोळी व ख्रिस्ती लोकांची गावे: मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी, उत्तन, नवघर, काशी, घोडबंदर. विजेच्या गाड्या १९३६ मध्ये विरारपर्यंत धावू लागल्या. तरी मोठे दुखणे म्हटले की गाडीत बसून मुंबईच गाठायची. १९८२ च्या संपाने गिरण्या मोडल्या आणि गिरणगावातल्या पुष्कळ कुटुंबांनी चाळीतली खोली सोडून दहिसरपलीकडे घर घेतले. १९८५ मध्ये येथे नगरपालिका झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली वस्ती २००१ मध्ये सव्वापाच लाखांच्या घरात गेली आणि २०११ मध्ये आठ लाखांवर. पंचविशी-तिशीत बिऱ्हाड घेऊन आलेली ती माणसे आता साठी-सत्तरी ओलांडत आहेत. सारे गाव जणू एकदम म्हातारे होऊ लागले आहे.

इस्पितळे आता येथेही आहेत. टेंभ्याला पंडित भीमसेन जोशींच्या नावाचे सार्वजनिक रुग्णालय आहे, खाजगी तर गल्लोगल्ली. आत जाण्याचे दार जवळ आले. पण बाहेर पडणाऱ्या वाटेचे काय? त्या काळी बांधलेल्या चार मजली इमारतींना लिफ्ट नाही. मांडीचे हाड बसवून आलेल्या आजींना खुर्चीत बसवून चार तरुण पोरे वर चढवतात. आणि त्या आजी वर गेल्या की मग फेरतपासणीखेरीज वर्षवर्ष खाली उतरत नाहीत. चाळीला निदान गॅलरी होती. ‘काय वैनी, आज चाललात का दोन पावले?’ असे विचारणारे तोंड दाराशी होते. अर्थात त्याच गॅलरीच्या टोकाला सार्वजनिक शौचकूप होते आणि तिथवर जाताना म्हातारी माणसे पडत, हेही विसरता कामा नये. ब्लॉकमध्ये शौचकूप घरात आले, पण दार बंद झाले. आणि तो जुना करारही उलटला. पूर्वी आजारी माणूस मुंबईहून गावी जाई. आता गावातले म्हातारे आईवडील ऑपरेशनसाठी मुलाकडे मीरा रोडला येतात. ‘घरी न्या’ असे डॉक्टर सांगतात, ते घर त्यांचे नसतेच. दिव्याचे बटण कोठे आहे, हेही त्यांना रात्री अंधारात सापडत नाही.

या घरात ज्ञान आणि कसब कोणी पुरवायचे? डिस्चार्जच्या दिवशी दुपारी बिल भरण्याच्या गडबडीत हातात एक कागद पडतो, त्यावर इंग्रजीत सात औषधे. जुनी रक्तदाबाची गोळी चालू ठेवायची की बंद करायची, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. मग सून नोकरीवरून रजा काढते. रजा संपली की बिनपगारी रजा, आणि तीही संपली की नोकरी. नाहीतर ब्युरोतून मावशी येते. ही मावशी विरार-नालासोपाऱ्याहून पहाटेची गाडी पकडून येते, आणि तिच्या घरी तिची सासू कोणाच्या स्वाधीन असते, हे विचारण्याचे आपल्याला सुचत नाही. शंभर वर्षांपूर्वी गावाकडच्या भावजयीचा हिशेब जसा कोठे लिहिला गेला नाही, तसाच हाही लिहिला जात नाही.

कायदे झाले नाहीत असे नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात सरकारी इस्पितळांत वृद्धांसाठी खाटा, वेगळ्या रांगा, जिल्हा रुग्णालयांत खास सोय, असे सारे आले आहे. नीट वाचले तर लक्षात येते की खाट आणि रांग या दोन्ही गोष्टी आत जाण्याच्या दाराशी आहेत. २०१० मध्ये सुरू झालेल्या वृद्धांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमाने अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाण्याचे आणि घरच्यांना शुश्रूषा शिकवण्याचे काम कागदावर घेतले, हे मोठे पाऊल. पण ते उपकेंद्राच्या पातळीवर, आणि उपकेंद्र ही मुळात खेड्यासाठी आखलेली व्यवस्था. केरळने मात्र गावच्या स्वयंसेवकांना आणि परिचारिकांना घेऊन खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाण्याची पद्धत बसवून दाखवली आहे.

आणि याचा गुण येतो की नाही, हेही पडताळून पाहिले गेले आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाला मेरी नेलर या परिचारिका-प्राध्यापिकेने ३६३ वृद्ध रुग्णांवर एक अभ्यास केला. तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीसारखे घरी सोडले. उरलेल्यांना इस्पितळातच एक अनुभवी परिचारिका भेटली, तिने घरी जाण्याची तयारी करून घेतली, आणि नंतर चार आठवडे ती त्यांच्या घरी जात राहिली, फोनवर मिळत राहिली. चोवीस आठवड्यांनी पाहिले तर पहिल्या गटातले शंभरांत ३७ पुन्हा इस्पितळात गेले होते, दुसऱ्या गटातले २०. या परिचारिकांनी कोणते नवे औषध दिले नव्हते. औषधांची यादी तपासली, लक्षणे ओळखायला शिकवले, कोणाला केव्हा फोन करायचा ते सांगितले.

एवढे तर आपणही करू शकतो. खाट सोडण्याच्या आदल्या दिवशीच, बिलाच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी, केसपेपर हातात घेऊन विचारावे: कोणती जुनी गोळी बंद, कोणती नवी चालू? शौचाला कसे न्यायचे? जिना चढू द्यायचा का? काय झाले तर ताबडतोब परत आणायचे? पुन्हा दाखवायला केव्हा? उत्तरे मराठीत एका कागदावर उतरवून भिंतीला लावावीत. मोठ्या सरकारी इस्पितळात समाजसेवा अधीक्षकांच्या खोलीचे दार ठोठवावे. उठवण्या-बसवण्याची रीत वॉर्डातच परिचारिकेच्या देखत दोनदा करून पाहावी, आणि ती सुनेने एकटीने नव्हे, मुलानेही शिकावी. गृहसंस्थांच्या वार्षिक सभेत रंगकामावर तासभर वाद होतो. जिन्यावरून माणूस वाहून नेण्याची एक खुर्ची, प्रत्येक माळ्यावर टेकायला एक बाक आणि जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, यांचा ठराव दहा मिनिटांत होण्यासारखा आहे.

सभा-संस्थांनी मनावर घेतले तर आणखी पुष्कळ होईल. महापालिकेकडे आरोग्यसेविका आहेत, वॉर्डावॉर्डात मंडळे आहेत, ज्येष्ठ नागरिकांचे कट्टे आहेत. घरी सोडलेल्या वृद्धाची नोंद त्याच्या वॉर्डातल्या आरोग्य केंद्राला मिळाली आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी जिना चढून ‘आजोबा, काल किती चाललात?’ असे विचारले, तरी कितीतरी पाय वाचतील आणि कितीतरी सुनांच्या नोकऱ्या टिकतील. डॉक्टरांनी ‘घरी न्या’ असे जरूर म्हणावे, आपल्याला ते ऐकायचेच आहे. पण ते म्हणताना ‘आणि परवा तुमच्याकडे अमुक बाई येतील’ असे पुढचे वाक्यही जोडता यावे. ते वाक्य बोलता येण्यासारखी व्यवस्था मुंबई-ठाण्याच्या या टोकाला अजून उभी करायची आहे, आणि ती आपल्यालाच मागावी लागेल.